बाटलीवरचं नाव

माझी मुलगी आज अठ्ठावीस दिवसांची झाली आणि मी तिला अजून एकदाही अंगावर पाजलेलं नाही. ती नांदेडच्या एका रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या पेटीत आहे. त्याच मजल्याच्या टोकाला एक लहान खोली आहे. तिथे बसून मी दिवसातून आठ वेळा मशीननं दूध काढते. हे लिहितेय तेही तिथेच, फोनवर, एका हातानं.

मशीननं काढताना दूध कसं वाढवायचं यावर इंटरनेटवर पुष्कळ लिहिलेलं आहे. मी सगळं वाचलं. ते इंग्रजीत होतं आणि माझी शाळा इंग्रजीतच झाली, त्यामुळे अडलं काहीच नाही. पण शेजारच्या खुर्चीवर सासू बसलेली आणि संडासात पाणी नाही, अशा बाईनं काय करावं हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणून लिहितेय. शेवट गोड असेल असं धरून वाचू नका.

लातूर की नांदेड

माझं माहेर जळकोट, लातूर जिल्हा. सासर मुखेड, नांदेड जिल्हा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात एसटीनं जळकोटला आले. लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हे वर्ष. आमच्या गल्लीत टँकर आला की आई घागरी घेऊन धावायची आणि मी दारात उभी राहून नंबर धरायची. त्या नंबरातच एका सकाळी माझं पाणी गेलं. आठवा नुकता लागला होता.

जळकोटच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथं काचेची पेटी नाही, लगेच हलवा. जिल्ह्याचं ठिकाण लातूर, पण पप्पांना ओळखीच्यांनी फोनवर सांगितलं की तिकडे पाण्यावाचून ऑपरेशनं पुढे ढकलून राहिलेत. मग नांदेड. गाडीत पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उदगीर जिल्हा झाला असता तर एवढं लांब जायची पाळी आली नसती. किती वर्षं ओरडून राहिलेत लोक."

आई माझं डोकं मांडीवर धरून बसली होती. ती म्हणाली, "तुमचा जिल्हा होईस्तोवर लेकरू थांबणार हाय का?"

मला हसू आलं आणि कळ आली, दोन्ही एकदम.

नांदेडला पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. तेराशे ग्रॅम. मला ती दाखवली ती एका हिरव्या कापडातून, पळता पळता. दाखल करायचा फॉर्म पप्पांनी आधार कार्ड बघून भरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तरुण होते, दमलेले होते. त्यांनी सांगितलं, फुप्फुसं कच्ची आहेत, तिला दूध ओढता येणार नाही, नळीनं पोटात सोडावं लागेल. "बाकीचं सगळं आम्ही करू. दूध मात्र आम्हाला करता येत नाही. ते तुमच्याकडून पाहिजे. तिच्यासाठी त्याच्यासारखं दुसरं औषध नाही."

मी मान हलवली. मला विचारायचं होतं, ती जगेल का. मी विचारलं, बाटली कुठं मिळेल.

खोली

खोलीत चार प्लास्टिकच्या खुर्च्या, दोरीवर चादरीचे पडदे आणि एकच मशीन. आपला नंबर आला की ते ओढून आपल्या पडद्यात घ्यायचं. त्याचा आवाज दम लागलेल्या माणसासारखा.

पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाला पिवळसर चार थेंब. दुखत होतं, पण कुठे दुखतंय हे मला सिस्टरना सांगता येईना. त्या शब्दांसाठी माझ्याकडे इंग्रजी होती. मराठीत ते शब्द आमच्या घरी कुणी मोठ्यानं बोललेलेच नव्हते.

शेजारच्या पडद्यात देगलूरची रुबीना होती. तिचा मुलगा माझ्या मुलीच्या आधी आठवडाभर आलेला. तिची बाटली दहा मिनिटांत भरायची. मी एकदा बघत राहिले तशी म्हणाली, "माझ्या बाटलीकडं बघू नको गं. दुसऱ्याचं मोजलं की आपलं आटतंय."

"माझं यायलाच तयार नाही," मी म्हणाले.

"कसं येईल? इतकी शरमती. मशीन बी लाजतंय तुला बघून." तिनं पडदा सरकवला, माझ्या मशीनची अंगाला लावायची वाटी बघितली आणि म्हणाली, "ही मोठी हाय तुला. ही उलट ओढून जखम करती. लहान माग सिस्टरला." दोन दिवस मी जे सोसत होते ते तिनं एका नजरेत ओळखलं. वाटी मागायला मात्र तीच गेली. मी नाही गेले.

लहान वाटी लागल्यावर सात मिली आलं. मग दहा.

काय लिहायचं

सिस्टरनी सांगितलं होतं, बाटलीवर चिकटपट्टी लावून आईचं नाव आणि वेळ लिहा, पेटीचा नंबर लिहू नका, बाळं जागा बदलतात. फ्रिजमध्ये ठेवा, आम्ही नावानं काढून घेतो.

पहिली बाटली हातात धरून मी पेन उघडलं तेव्हा सासूबाई शेजारी होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण कागदावर काय लिहिलंय हे त्या नेहमी विचारून घेतात.

"काय लिव्हून राहिलीस?"

"नाव."

"गौरी लिव्ह. आमच्या अमोलचं बी लिव्ह पुढं. आमच्या घरचं लेकरू हाय."

समोर माझी आई बसली होती. आदल्या दिवशीपासून दोघींमध्ये बोलणं नव्हतं. आत्याबाईंचं म्हणणं, आठव्यातच झालं ते एसटीच्या धक्क्यानं, आणि एसटीनं माहेरी नेलं कुणी?   मी नीट अक्षरात लिहिलं, "गौरी अमोल," आणि वेळ टाकली.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, ते गौरी. जन्माचं नाव स्नेहल. दोन वर्षांत मला दोन्ही नावांची सवय झाली. मुखेडच्या गाडीत बसले की गौरी, जळकोटला उतरले की स्नेहल. मी कुठलंच नाव विसरले नव्हते. दोन्ही माझीच, एवढंच डोक्यात होतं. आधार कार्डावर स्नेहल होतं, म्हणून फॉर्मवर स्नेहल होतं, म्हणून पेटीच्या कार्डावर "स्नेहल यांचे बाळ" होतं. ते कार्ड पेटीच्या पायथ्याला, भिंतीच्या बाजूला लावलेलं. मी दिवसातून दोनदा काचेजवळ उभी राहायची आणि तिच्या छातीकडे बघायची, वर खाली होतेय का. कार्ड मी वाचलं नाही.

नावानं मला कुणी हाकही मारली नाही. इथे आम्ही सगळ्या नुसत्या "आई" असतो. आई, इकडे या. आई, सही करा.

पाणी

बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं, पोट सुटतं, अंग गार पडतं, असं आत्याबाई मानायच्या. माझ्या पेल्यात त्या दोन घोट गरम पाणी घालायच्या आणि तांब्या आपल्या खुर्चीखाली ठेवायच्या. डबा मात्र त्या मुखेडहून जिवापाड मागवून घ्यायच्या: हळिवाची खीर, शेपूची भाजी, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी.

त्यांना दोष देणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर तो नियम मला सोयीचा होता. मजल्यावरच्या संडासाचं पाणी सकाळी टँकर आला की यायचं आणि दुपारी संपायचं. मग बादली घेऊन खाली जावं लागायचं, पुरुषांच्या वॉर्डासमोरून, टाके पडलेले असताना, गाउन मागून ओला आहे की काय ही धास्ती घेऊन. न प्यायलं की जावं लागत नाही. मी दिवसाला दोन पेले पाण्यावर राहायला शिकले. ओठांची सालं निघाली. इंटरनेटवर तहान लागेल तेवढं पाणी प्या असं लिहिलं होतं. ते वाचून मी फोन उशीखाली ठेवायची.

चौथ्या दिवशी मुलीला नळीनं दूध सुरू झालं. संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "आई, पावडरचं चालू केलंय. तुम्ही दूध वाढवा."

मी दहा मिली ठेवलं होतं. तिला एका वेळेला दोन मिली लागत होतं. दहातून दोन का मिळत नाही, हे साधं गणित मला विचारता आलं असतं. मला वाटलं, माझं पातळ असेल. कमी कसाचं असेल. सिस्टर बिचाऱ्या तोंडावर म्हणत नसतील.

पाचव्या, सहाव्या दिवशी तेच. "पावडरच चालू आहे. प्रयत्न करा, आई." मी वेळा वाढवल्या. आधी गरम कापड, मग हातानं चोळणं, मग मशीन, मग पुन्हा हातानं. अमोल रविवारी मुखेडहून आला. त्याचं तिथं मोबाईलचं दुकान आहे. त्यानं हळूच विचारलं, "अजिबात येत नाही का?"

"येतं."

"मग पावडर का देऊन राहिलेत?"

"माहीत नाही."

"विचारलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तोही माझ्यासारखाच. दोघं काचेसमोर उभे राहिलो आणि कुणीच कुणाला विचारलं नाही.

फ्रिज

सातव्या दिवशी सकाळी मी बाटली ठेवायला गेले तेव्हा सुमनमावशी फ्रिज पुसत होत्या. त्या इथल्या आयाबाई. चोवीस तास झालेलं दूध टाकून द्यायचं काम त्यांचं. पाण्याची टंचाई असल्यामुळे सांडपाणी धरायला सिंकखाली बादली लावलेली होती. त्या एकेक बाटली हातात घेऊन नाव अक्षर अक्षर लावून वाचत होत्या आणि बादलीत ओतत होत्या.

"गौ-री," त्या वाचत होत्या. "ही बी गौरी. ही बी गौरीच. कोण हाय गं ही गौरी? चार दिवस झाले, बिचारी रोज आणून ठेवती. आतमधी गौरीचं लेकरूच न्हाई एक बी."

माझ्या हातातली बाटली गरम होती. मी म्हणाले, "मी."

"काय मी?"

"गौरी. मीच."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग बादलीकडे. "तू तर सात नंबरच्या पेटीची. स्नेहल न्हाई का तू?"

"ती पण मीच."

 मावशी बादली पायानं सिंकखालून बाहेर ओढत म्हणाल्या, "अगं माय. सांगायचं तरी."

बादलीत फ्रिज पुसलेल्या पाण्यावर पांढरं पसरलं होतं. इतक्या दिवसांतलं सगळं काही तिथं नव्हतं, फक्त शेवटच्या दिवसाचं. बाकीचं आधीच गेलेलं.

सिस्टर धावत आल्या, रजिस्टर आलं, डॉक्टर आले. सगळे चांगलेच वागले. डॉक्टर म्हणाले, फॉर्मवर दुसरं नाव आहे हे आम्हीही बघायला हवं होतं. माझी पट्टी बदलली, पेटीच्या कार्डावरही दोन्ही नावं आली. साडेअकराला पहिल्यांदा माझं दूध, तीन मिली, नळीतून उतरताना मी बघितलं. नळी इतकी बारीक की दूध हलतंय की नाही ते कळत नव्हतं.

आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इतकं शिकवलं तुला. तोंड उघडायचं तेवढं राहिलं."

आत्याबाई खुर्चीवर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. "आता जळकोटाला सांगशील, सासूमुळं झालं."

"मी काही नाही सांगणार."

"हाव. तेच तर. तू काहीच सांगत न्हाईस."

दुपारी त्यांनी खुर्चीखालचा तांब्या काढून माझ्यासमोर ठेवला. "पी. सगळा पी. खाली जायचं असलं की मी येते बादली घेऊन." त्या दिवसापासून त्या मला गौरीही म्हणत नाहीत आणि स्नेहलही नाही. "ए पोरी," म्हणतात.

पोट

चार दिवस तिला माझं दूध मिळालं. अकराव्या दिवशी तिचं पोट फुगलं, टणक झालं, आणि नळीतून हिरवं परत आलं. आतड्याला संसर्ग आहे, म्हणाले. दूध पूर्ण बंद, सलाईन आणि औषधं. दहा दिवस, मग बघू. दहाचे पुढे सतरा झाले.

मी डॉक्टरांना त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं. आत जायला मला दाराबाहेर अर्धा तास लागला. "पावडरनं झालं का?"

ते खुर्चीत मागे झाले. "असं एका कारणावर बोट ठेवता येत नाही. इतक्या लहान बाळांना आईच्या दुधावर असतानाही होतं."

"पण पावडरनं जास्त होतं."

ते खोटं बोलले नाहीत. "शक्यता वाढते," ते म्हणाले. "तुमच्या बाळाचं कशानं झालं ते मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही."

हे कुणालाच कधीच कळणार नाही. सगळ्यांनी मला हे समाधान म्हणून सांगितलं. आईनं, अमोलनं, रुबीनानं. मला त्यात समाधान सापडत नाही. कळलं असतं तर मी त्याखाली दबून तरी गेले असते. आता ते रोज सकाळी नव्यानं उठतं.

वाढलेलं दूध

ज्यासाठी तुम्ही हे वाचत असाल ते आता लिहिते. तिचं दूध बंद झालं आणि माझं वाढलं. डॉक्टर म्हणाले होते, थांबू नका, ती पुन्हा घेऊ लागेल तेव्हा तुमच्याकडे असायला हवं. म्हणून थांबले नाही. योग्य मापाची वाटी लागली. पाणी पोटभर मिळालं, कारण आत्याबाई माझ्याबरोबर बादली घेऊन खाली येतात आणि पुरुषांच्या वॉर्डासमोर माझ्या बाजूनं चालतात. दोन वेळांत तीन तासांच्या वर अंतर पडू दिलं नाही. मशीन झाल्यावर दोन मिनिटं हातानं काढलं. तिच्या डोक्याची टोपी सिस्टरनी मला दिली, ती मी हुंगते. टोपीला औषधाचा वास येतो, तरी दूध उतरायला उपयोग होतो. हळिवाची खीर चांगली लागते, एवढंच मी तिच्याबद्दल सांगू शकते.

दहाचे तीस झाले. आता एका वेळेला पन्नासच्या आसपास येतं. इथल्या फ्रिजला गोठवायचा कप्पा नाही, त्यामुळे चोवीस तासांनी सगळं जातं. मावशी ती बादली मोरीत रिकामी करत नाहीत. आईचं दूध पायदळी जाऊ नये म्हणतात. मागच्या अंगणातल्या कडुलिंबाच्या बुडाशी ओततात. मी तिकडची खिडकी टाळते.

रुबीनाचा मुलगा गेल्या सोमवारी घरी गेला. जाताना तिनं माझा हात धरला आणि काहीतरी चांगलं म्हणायचं शोधत राहिली. मग म्हणाली, "लाजू नको आता." तिच्या खुर्चीवर दुसरी बाई आली आहे. ती माझ्या बाटलीकडे बघत असते.

मला एकच सांगता येईल. बाळाच्या पेटीचं कार्ड स्वतः वाचा. बाटलीवर तेच नाव लिहा, अक्षर न् अक्षर तेच. आणि कुणी पावडर चालू आहे म्हणालं तर का, ते विचारा. आवाज कापला तर कापू द्या.

आज

आज सकाळी दहाला पुन्हा सुरू केलं. एक मिली. सिस्टरनी माझ्या हातातून बाटली घेतली आणि पट्टी मोठ्यानं वाचली, "स्नेहल, कंसात गौरी." मागून मावशी म्हणाल्या, "उर्फ लिव्ह की. पोलिसांच्या यादीत असतंय तसं." सिस्टर हसल्या. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी. आत्याबाई काचेला कपाळ टेकवून उभ्या होत्या.

बाराला आणखी एक मिली. दोनला आणखी एक.

चारला नळीतून हिरवं आलं.

डॉक्टर या वेळी जास्त बोलले नाहीत. दूध बंद, किमान आठवडाभर. मग कदाचित ऑपरेशनचा विचार, तो इथे नाही, हैदराबादला. वजन अजून तेराशेवरून फारसं हललेलं नाही. अमोलला फोन केला तर त्याच्याकडून फक्त दुकानातला गोंगाट ऐकू येत राहिला.

पाचला माझा नंबर होता. मी गेले. वाटी लावली, टोपी मांडीवर ठेवली. बावन्न मिली आलं, आजवरचं सगळ्यात जास्त. पट्टीवर नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि बाहेर आले. मावशी सिंकपाशी बादली लावत होत्या. त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला.

"बंद केलं म्हणले की. आठ दिवस."

"हाव."

"मग ही आत्ताच देते झाडाला?"

"नाही," मी म्हणाले. "फ्रिजमध्ये ठेवा. उद्या याच वेळेपर्यंत."

मावशींनी पट्टी बोटाखाली धरून सगळी वाचली, अक्षर अक्षर लावून. मग फ्रिज उघडून बाटली पुढच्या रांगेत ठेवली, नाव बाहेरच्या बाजूला करून.